कोश्यारींचा तो अहवाल दिल्ली कधी स्वीकारणार?

भगतसिंह कोश्यारी हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. २०१९ ते २०२३ ते आपले राज्यपाल होते आणि त्या काळात काय काय वाद झाले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याआधी त्यांनी केलेलं एक काम मात्र आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. भारत आणि नेपाळ सरकारने मिळून जाणत्या लोकांचा एक गट नेमला होता, दोन्ही बाजूंचे चार-चार सदस्य. भारताच्या बाजूचे प्रमुख कोश्यारी, नेपाळच्या बाजूचे भेखबहादूर थापा. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून खुल्या सीमेपर्यंत सगळे जुने विषय तपासायचे आणि दोन्ही पंतप्रधानांना मिळून एकच अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. २०१६ मध्ये बैठका सुरू झाल्या. २०१८ च्या जुलैत अहवाल तयार झाला. तो आधी भारताच्या पंतप्रधानांना आणि मग नेपाळच्या पंतप्रधानांना द्यायचा, असं ठरलं होतं.

तो तसाच पडून आहे. दिल्लीत स्वीकारायला वेळ मिळत नाही. जो अहवाल आपल्याच माणसांनी सही करून दिला, तो हातातही घ्यायचा नाही, ही शेजाऱ्याशी वागायची रीत झाली का?

मी रत्नागिरीकडचा आंबा बागायतदार. परराष्ट्र धोरणावर मी कशाला लिहावं, असं कुणी विचारेल. मंडळी, आमच्या बागा आज नेपाळी माणसांच्या जिवावर उभ्या आहेत. दिवाळीच्या आगेमागे ते येतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात. फवारणीचे पाइप ओढणं, वानरं हाकणं, रात्रीची राखण, तोडणीला झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढणं, सगळं तेच करतात. पाऊस तोंडावर आला की परत जातात. मिरकरवाड्याच्या आणि हर्णैच्या बोटींवर खलाशी म्हणूनही तेच दिसतात. बनबसा नाहीतर गौरीफंटाची सीमा ओलांडायची, गाडी पकडायची आणि थेट कोकणात. व्हिसा लागत नाही, परमिट लागत नाही. कारण १९५० च्या करारातलं सातवं कलम. एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहायची, मालमत्ता घ्यायची, व्यापार करायची मोकळीक त्यातून मिळते. हापूसच्या पेटीमागे हे कलम आहे, म्हणून हा विषय माझाही आहे.

आणि तोच करार नेपाळमध्ये लोकांना खुपतो. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. ३१ जुलै १९५० ला काठमांडूत सही झाली तेव्हा नेपाळच्या बाजूने खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणा बसले होते आणि भारताच्या बाजूने राजदूत. पंतप्रधानासमोर राजदूत, हे त्यांना तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. त्या राणांची सत्ता सहा-सात महिन्यांत गेली. म्हणजे जनतेने उलथवलेल्या राजवटीने केलेला करार आज ७५ वर्षांनंतरही चालू आहे. शस्त्रं कुठून आणायची यातसुद्धा भारताला विचारण्याची अट त्या व्यवहारात होती. कुठल्याही स्वाभिमानी देशाला हे बदलावंसं वाटणारच.

२०१५ सालचं एक सांगतो. २५ एप्रिलला नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. ऐन आंब्याचा हंगाम. बागेतले सगळे नेपाळी गडी फोनला चिकटून बसलेले. त्या दिवशी काही तासांत भारताची विमानं मदत घेऊन काठमांडूकडे निघाली, ‘ऑपरेशन मैत्री’ म्हणून, आणि आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला. मग सप्टेंबरमध्ये नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातल्या, मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटली, आंदोलन पेटलं आणि नेपाळमधल्या वीरगंजकडे जाणारे ट्रक बिहारमधल्या रक्सौलला अडकले. इंधन नाही, गॅस नाही, औषधांची टंचाई. फेब्रुवारीपर्यंत हे चाललं. भारत सरकार म्हणत राहिलं की आम्ही नाकेबंदी केलेली नाही, आंदोलकांमुळे गाड्या थांबल्या आहेत. नेपाळमध्ये ते कुणालाच पटलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे नेहमी येणारे दाजू (नेपाळीत थोरला भाऊ; नाव वेगळं आहे, पण घरात सगळे त्यांना दाजूच म्हणतात) उशिरा आले. घर धनगढीजवळ. रात्री पडवीत जेवताना सांगत होते, सिलिंडर अर्धाच भरून मिळतो, त्यासाठीही पहाटेपासून रांग. मग माझ्या आईला म्हणाले, “भूकंपात पहिलं विमान तुमचंच आलं, आई. आणि पाच महिन्यांनी चूल तुम्हीच विझवली.” आवाजात राग नव्हता, नुसतं दुखावलेपण होतं. आईला काय बोलावं सुचेना. मलाही सुचलं नाही.

त्याआधी १९८९ मध्येही हेच झालं होतं. नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती, व्यापार आणि पारगमनाचे (भारतातून माल ने-आण करण्याचे) करार संपले आणि भारताने पंधरापैकी दोनच नाकी उघडी ठेवली. पंचवीस वर्षांत दोनदा ज्या घराचा गळा आवळला जातो, ते घर दुसरा दरवाजा शोधणारच. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान के. पी. शर्मा ओली नाकेबंदी संपल्यावर महिन्या-दीड महिन्यात, मार्च २०१६ मध्ये, बीजिंगला जाऊन पारगमन करार करून आले. पुढे २०१७ मध्ये नेपाळ चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’मध्ये गेला. चीनची बंदरं नेपाळला उघडी झाली ती कागदावर, हेही खरं. चीनचं तिआनजिन बंदर कुठे आणि जवळचं कोलकाता कुठे! चीनच्या सीमेवरचा रसुवागढीचा पूल २०२५ च्या जुलैत पुरात वाहून गेला आणि तो रस्ताच तुटला. भूगोल आपल्या बाजूचा आहे. पण याच भरवशावर दिल्ली निर्धास्त बसते, आणि मला चिंता वाटते ती याचीच.

सुरक्षेच्या नावाखाली हे सगळं खपवलं जातं, म्हणून सुरक्षेचंच बोलू. १,७५१ किलोमीटरची सीमा, पाच राज्यांना लागून. पहारा सशस्त्र सीमा बलाचा. शेतं, बाजार, सोयरिकी दोन्हीकडे पसरलेल्या, तिथे कुंपण घालणं कुणालाच परवडणारं नाही. १९९९ मध्ये आयसी ८१४ विमान काठमांडूहून निघालं आणि अपहरण झालं. बनावट नोटा, फरारी आरोपी, हा धोका खरा आहे. पण अशा सीमेवर माणूस पकडला जातो तो पलीकडच्या पोलिसांनी खबर दिली तर. पलीकडचं गाव आपलं असेल तरच ती खबर येते. नेपाळ नाराज ठेवून भारत सुरक्षित राहील असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रक्सौलच्या पुढे पायी चालून यावं.

त्यात गुरखा भरतीचं दुखणं. १९४७ च्या भारत-नेपाळ-ब्रिटन त्रिपक्षीय करारापासून नेपाळी तरुण आपल्या सैन्यात येत होते. आपल्यासाठी त्यांनी किती रक्त सांडलं ते सांगायला नको. पेन्शनवर तिथली गावंच्या गावं उभी राहिली. २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली: चार वर्षं नोकरी, पुढे चारांतला एकच कायम. नेपाळने म्हटलं, हे १९४७ च्या करारात बसत नाही, आमच्याशी आधी बोलला नाहीत. भरती थांबली. त्याच सुमारास शेकडो नेपाळी तरुण रशियाच्या सैन्यात शिरले आणि त्यातले कित्येक युक्रेनमध्ये मेले. आपल्या पलटणीत दिमाखाने उभी राहिली असती ती पोरं. हे लिहिताना माझा हात जड होतो.

नेपाळचे नेतेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ओलींनी निवडणुकीसाठी भारतविरोधाची भट्टी पेटवली, २०२० मध्ये भारताच्या ताब्यातला लिपुलेख-कालापानीचा भाग नेपाळचा दाखवणारा नवा नकाशा संसदेतून मंजूर करून घेतला आणि चर्चेची वाट अवघड केली. तिथल्या भ्रष्टाचाराला विटून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तरुण रस्त्यावर आले आणि ओलींना जावं लागलं. पण मूळ वाद सीमा ठरवणाऱ्या १८१६ च्या सुगौली कराराचा, काली नदीचा उगम कुठला याचा. तो वर्षानुवर्षं परराष्ट्र सचिवांच्या बैठकीवर ढकलत राहिलो तो आपणही.

चांगली कामंही झाली आहेत. मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची पेट्रोलियम पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार २०२४ मध्ये झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय तारांवरून बांगलादेशाला पोचली. हे जमतं, तर नोटबंदीत नेपाळी मजुरांच्या घरी अडकलेल्या पाचशे-हजारच्या नोटांचा प्रश्न का सोडवला गेला नाही? घामाचे पैसे होते ते. आमच्याच बागांतून नेलेले.

म्हणून कोकणातल्या दोन्ही खासदारांना माझी जाहीर विनंती आहे. तुमच्या मतदारसंघातली आंब्याची आणि मासळीची उलाढाल नेपाळी हातांवर चालते. येत्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्र्यांना लेखी प्रश्न टाका: कोश्यारी-थापा गटाचा अहवाल सरकार कोणत्या तारखेला स्वीकारणार, आणि संसदेसमोर ठेवणार की नाही? गुरखा भरतीवर नेपाळशी शेवटची चर्चा कधी झाली? अडकलेल्या नोटांचं काय केलं? उत्तर येईल तसं इथे टाकेन. ज्यांच्या बागेत, बोटीवर, सोसायटीच्या गेटवर नेपाळी माणूस आहे, त्यांनी आपापल्या खासदारांना कमेंटमध्ये टॅग करा.