सारायेव्हो: सँडविच, वळण आणि मधले ३७ दिवस

२८ जून जवळ आला की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला. सार असं: १९१४ साली बोस्नियातल्या सारायेव्हो शहरात ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला. तिथे एक पोरगा सँडविच खात उभा होता, त्याने गोळ्या झाडल्या. मग करारांमुळे एकेक देश आपोआप पहिल्या महायुद्धात ओढला गेला. युद्ध कुणालाच नको होतं, सगळे ‘नाताळपर्यंत संपेल’ म्हणत होते. नियती! थोडक्यात, कावळा बसला आणि फांदी मोडली.

सँडविच आधी उरकून टाकू. तो पोरगा, गाव्रिलो प्रिन्सिप, पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला, जबान्या नोंदल्या गेल्या. त्यांत सँडविच नाही. गोष्ट चविष्ट व्हावी म्हणून ते फार नंतर कुणीतरी वाढलेलं आहे.

आता वळण. त्या सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर प्रिन्सिप एकटा नव्हता. बॉम्ब आणि पिस्तुलं घेतलेली पोरं ठिकठिकाणी उभी होती. त्यातल्या चाब्रिनोविचने बॉम्ब टाकलाही. तो युवराजाच्या गाडीवरून घरंगळून मागच्या गाडीखाली फुटला. चाब्रिनोविचने विष खाऊन नदीत उडी घेतली, पण विष लागू पडलं नाही आणि नदीला बुडण्याइतकं पाणी नव्हतं. टाउन हॉलमधला समारंभ आटोपल्यावर फ्रान्झ फर्डिनांडने इस्पितळात जखमींना भेटायचं ठरवलं, म्हणून मार्ग बदलला. ते ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. तो लॅटिन पुलापाशी उजवीकडे वळला तो आधी जाहीर झालेल्या मार्गाप्रमाणे, आणि प्रिन्सिपही त्याच मार्गावर थांबलेला होता. मग गव्हर्नर पोटिओरेक ड्रायव्हरवर ओरडला आणि गाडी नेमकी प्रिन्सिपसमोर थांबली. हा योगायोग मात्र खरा, तो मी मान्य करतो. त्याने खून साधला. युद्ध नव्हे.

कारण २८ जूनला खून झाला आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मध्ये ३७ दिवस गेले, आणि फॉरवर्डमध्ये नेमके तेच गायब असतात. ऑस्ट्रियाने खुनाचा ठपका शेजारच्या सर्बियावर ठेवला. पण ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड सर्बियावर चढाई करू द्या म्हणून खुनाच्या कितीतरी आधीपासून सरकारच्या मागे लागला होता. फर्डिनांड हा त्याला आवर घालणाऱ्यांपैकी होता, म्हणजे खुनाने अडसरच दूर झाला. ५ आणि ६ जुलैला बर्लिनने व्हिएन्नाला, म्हणजे जर्मनीने ऑस्ट्रियाला, शब्द दिला: काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला जोडीदार हंगेरी, त्याचा पंतप्रधान टिसा आठवडाभर अडून बसला, मग वळला. तरी व्हिएन्ना लगेच हलेना. बरेच सैनिक सुगीसाठी रजेवर होते. शिवाय फ्रान्सचा अध्यक्ष प्वांकारे रशियाच्या दौऱ्यावर होता, तो झारच्या शेजारी बसलेला असताना खलिता गेला तर दोघं तिथल्या तिथे एकत्र ठरवतील. म्हणून तो परत निघेपर्यंत थांबून २३ जुलैच्या संध्याकाळी सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली गेली. घड्याळ लावून केलेल्या कामाला अपघात म्हणत नाहीत.

सर्बियाने बहुतेक अटी मानल्या. आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला मात्र साफ नकार दिला. ते उत्तर वाचून खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, शेरा मारला की आता युद्धाला कारणच उरलं नाही. त्याच दिवशी, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. सगळं पाप व्हिएन्ना आणि बर्लिनच्या माथी मारायचं कारण नाही. रशियाच्या झारने सार्वत्रिक लामबंदीचा (सगळं सैन्य युद्धासाठी गोळा करण्याचा) हुकूम दिला, मागे घेतला आणि ३० जुलैला पुन्हा दिला. कुणाचा वाटा किती यावर इतिहासकार आजही भांडतात, पण वाटे आहेत म्हणजे निर्णयही होते.

‘करारांमुळे आपोआप’ हे तर तारखाच खोडून काढतात. जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारलं १ ऑगस्टला, आणि ज्याच्यासाठी पुकारलं त्या ऑस्ट्रियाने ६ ऑगस्टला! इटलीचा जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार होता, तरी ती तटस्थ राहिली आणि पुढच्या वर्षी उलट बाजूने लढली. रुमानियाचाही गुप्त करार होता, तोही बाजूला बसला. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढायचं करारी बंधन नव्हतं. जर्मन फौजा ज्या बेल्जियममध्ये घुसल्या त्याच्या तटस्थतेला १८३९ च्या कराराची हमी होती खरी, पण ब्रिटिश मंत्रिमंडळ दुभंगलेलंच होतं. मॉर्ले आणि बर्न्स या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले.

नाताळचं बोलायचं तर तसं म्हणणारे पुष्कळ होते, ‘सगळे’ नव्हते. ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर सुरुवातीपासूनच काही वर्षांचा हिशोब मांडत होता.

नाताळपर्यंत काय घडलं तेही बघा. लोक खंदकांचं चित्र डोळ्यांपुढे आणतात, पण फ्रान्सचा सर्वांत भीषण दिवस खंदकांआधीचा आहे. २२ ऑगस्टला, उघड्या रानात लाल विजारी घालून चालून जाताना त्यांचे सुमारे २७,००० सैनिक एका दिवसात मेले. ज्या सर्बियाला धडा शिकवायचा होता, तिने ऑगस्टमध्ये त्सेरच्या डोंगरावर ऑस्ट्रियाला परतवलं. डिसेंबरात बेलग्रेड पडलं आणि पंधरवड्याच्या आत सर्बियाने ते परतही घेतलं.

आणि ‘युरोपचं भांडण’ म्हणणाऱ्यांसाठी: २२ सप्टेंबरच्या रात्री जर्मन युद्धनौका एम्डेनने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. ६ नोव्हेंबरला ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची, पुण्याच्या नावाची ६ वी डिव्हिजन तुर्कांच्या ताब्यातल्या इराकच्या टोकाला, फाओला उतरू लागली आणि महिना संपायच्या आत तिने बसरा घेतलं. आधी उतरलेल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती.