टॅब्लेट तापला की फ्रीजमध्ये? त्या व्हायरल मेसेजचा समाचार

'टॅब्लेट हाताला गरम लागला की बॅटरी फुटायच्या बेतात आहे असं समजा. लगेच दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मागे उघडी असलेली सगळी ॲप्स बंद करून टाका, एखादं कूलिंग ॲप घ्या.' असा मेसेज फिरतोय. चारही गोष्टी तपासू.

गरम म्हणजे बॅटरी बिघडली. नाही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना सर्वात जास्त तापते ती प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप. बहुतेक टॅब्लेटमध्ये पंखा नसतो. त्यामुळे चिपची उष्णता ग्राफाइटच्या पातळ थरातून किंवा धातूच्या पत्र्यातून पाठीवर पसरवतात आणि तिथून ती हवेत जाते. पाठ गरम लागते, कारण उष्णता बाहेर पडते आहे. त्यातही ॲल्युमिनियमची पाठ तेवढ्याच तापलेल्या प्लास्टिकपेक्षा जास्त चटका देते. धातू उष्णता हाताला पटकन देतो.

तापमान मर्यादेकडे सरकलं की सिस्टिम चिपचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, उतरवते आणि त्यासोबत व्होल्टेजही. चिपचा चालू कामातला वीजखप क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात असतो. दोन्ही 10 टक्क्यांनी उतरले तर हा खप साधारण 27 टक्के घटतो. सुरुवातीला झकास चाललेला गेम थोड्या वेळाने अडखळायला लागतो तो बहुधा यामुळेच. एवढ्यानेही भागलं नाही तर स्क्रीन मंद होते, चार्जिंग धीमं पडतं किंवा थांबतं आणि शेवटी इशारा येऊन टॅब्लेट वापरच थांबवतो.

फ्रीजमध्ये ठेवा. सगळ्यात घातक सल्ला हाच. थंडगार टॅब्लेट दमट हवेत आला की त्यावर दव धरतं. पोर्ट आणि स्पीकरच्या जाळीतून आत गेलेल्या हवेतला ओलावा बोर्डावरही जमू शकतो. त्यापेक्षा कव्हर काढा, चार्जर काढा, जड ॲप बंद करा, सावलीत कडक पृष्ठभागावर ठेवा. गादी-उशीवर मात्र नको. ॲपल आयपॅड वापरण्यासाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस सांगते. उन्हात उभ्या गाडीत ते सहज ओलांडलं जातं.

कूलिंग ॲप. जिथे पंखाच नाही तिथे ॲप फिरवणार काय? उलट तेही चिपवर चालतं, वर जाहिराती दाखवतं.

सगळी ॲप्स बंद करा. अलीकडे वापरलेल्या ॲप्सच्या यादीत दिसणारी बरीच ॲप्स गोठवलेली असतात. ती मेमरी अडवतात, प्रोसेसर फारसा वापरत नाहीत. बंद करून पुन्हा उघडली तर उलट काम वाढतं. नकाशा, व्हिडिओ कॉल, मोठं अपलोड मात्र मागे खरोखर चालू राहतं. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या यादीत सर्वात वर कोण आहे ते पाहा आणि तेवढंच बंद करा.

मेसेजमध्ये खरा अंश एवढाच, की सतत तापलेली आणि पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून गेम खेळताना चार्जर लावून ठेवू नका. स्क्रीन कडेने उचकटली, सपाट टेबलावर पाठ डुगडुगू लागली, किंवा काही चालू नसतानाही टॅब्लेट तापत राहिला, तर चार्जिंग बंद करा. फुगलेली पाठ दाबून बसवू नका आणि सर्व्हिस सेंटर गाठा.