होडी बांधायची कुठे?

डिसेंबरात मालवणला गेले होते. चुलतभावाच्या होडीतून किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेलो. दादाने खडकाच्या कडेला नांगर भिरकावला, पावाचा चुरा पाण्यात टाकला आणि माशांची झुंबड उडाली. शेजारच्या होडीतले एक गृहस्थ चक्क जिवंत प्रवाळावर उभे राहून फोटो काढून घेत होते. मला राहवलं नाही. "आमच्या बोनेरला..." एवढंच म्हणाले असेन, तर दादा उसळला, "नांगर नाय टाकूचो तर होडी बांधूची खंय? तुझ्या डोक्यार?"

तेव्हा राग आला. परत आल्यावर पटलं, की प्रश्न बरोबर आहे.

मी राहते ते बोनेर म्हणजे व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, डच अमलाखालचं एक छोटं बेट. इथे डायव्हिंगला होडीही लागत नाही. हवेच्या टाक्या गाडीच्या मागे टाकायच्या, रस्त्याकडेला नाव रंगवलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. 'थाउजंड स्टेप्स' नावाच्या जागी पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत. पाठीवर टाकी घेऊन वर चढताना मात्र हजार वाटतात! नव्या माणसाला आधी सराव-डाइव्ह सक्तीची. हातमोजे घालायला बंदी, कारण मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो. नांगराने प्रवाळ मोडतं, म्हणून तो टाकायला मनाई. बारा फुटांपेक्षा कमी लांबीच्या होड्यांना तेवढी दगडाच्या नांगराची सूट.

हे सगळं ऐकवून "बघा, शिस्त!" असं म्हणणारे अनिवासी मला स्वतःलाच आवडत नाहीत. शिवाय शिस्तीचा मामला तेवढा सरळ नाही. बोनेरचं सागरी उद्यान 1979 चं, सुमारे 27 चौरस किलोमीटरचं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29 चौरस किलोमीटरचं. म्हणजे दोघं जवळपास एका वयाची, एका मापाची. आणि बोनेरचं उद्यानही सुरुवातीचे पैसे संपल्यावर ऐंशीच्या दशकात नुसतं कागदावर उरलं होतं. ते पुन्हा उभं राहिलं 1992 मध्ये, प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला 10 डॉलर घ्यायला लागल्यावर. आता 40 घेतात. ते पैसे उद्यानाकडेच जातात; गस्तीची बोट, माणसांचे पगार आणि नांगराऐवजी होड्या बांधायचे तरंगते बोये त्यातूनच होतात.

मालवणात अभयारण्याचं नाव काढलं की मच्छीमार बिथरतात. त्यांना त्यातून आजवर काय दिसलं? सरकारी नकाशावर एक रेघ आणि उद्या जाळी बंद होतील ही धास्ती. पर्यटक तिकीट काढतो, व्हिडिओ घेऊन जातो; पण त्या तिकिटातला एक रुपया खडकापाशी बोया होऊन उतरलेला दादाने पाहिलेला नाही. आधी बोया द्या, मग नांगराचा दंड करा. उलट क्रमाने गेलात तर लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. पावाच्या चुऱ्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. तो थांबवायला पैसे लागत नाहीत.

बोनेरचा स्वर्ग झालाय असंही नाही. 2023 पासून इथल्या प्रवाळांना एक रोग लागलाय. मेंदूच्या आकाराचा, माझ्याहून मोठा एक प्रवाळ मी दरवर्षी बघायला जायचे. एका खेपेला त्याच्या एका कुशीवर पांढरा पट्टा होता, पुढच्या खेपेला त्यावर शेवाळ. चाळीस डॉलर घेऊनही त्याला वाचवता आलं नाही.

मागच्या रविवारी दादाला बोयाचे फोटो पाठवले: तळाला पक्का रोवलेला खिळा, दोर, वर तरंगता गोळा. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला. "तुमच्याकडे पावस कसो?"

मी सांगितलं, हा किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे, जवळपास बारा महिने समुद्र तळ्यासारखा.

"मगे हय चलाचा नाय. जूनची लाट ह्यो गोळो दोरासकट घेवन जातली. मे महिन्यात काढूक होयो, गणपतीनंतर परत घालूक होयो." जरा थांबून म्हणाला, "त्या दोराची जाडी किती, ता इचार."