सवलत द्या, बढती वाचवा

साहेब, बाईला तोंडावर बढती नाकारायचे दिवस गेले. तक्रार होते, बोभाटा होतो. त्यापेक्षा तिला मागेल ते देऊन टाका. दोन दिवस घरून काम, बाकी दिवशी पाचला सुट्टी. वर महिलादिनाला गुलाबाचं फूल.

मग महत्त्वाची मीटिंग तेवढी पावणेसहाला ठेवा. परळच्या ऑफिसातून पाचला निघालेली ती तेव्हा घाटकोपरला लेडीज डब्यात चेंगरलेली असते. एका कानात इयरफोन, म्यूट काढायला हात मोकळा नाही. नेमकं तेव्हाच विचारा, "मॅडम, तुमचं काय मत?" कसाबसा म्यूट निघतो आणि अख्ख्या टीमला ऐकू येतं, "ओ ताई, उतरायचंय का? मग सरका ना पुढे!" तुम्ही मायेनं म्हणा, "राहू द्या, सांभाळून जा." नवा क्लायंट आपसूक कुलकर्णींकडे जातो.

कुलकर्णीही चारला मुलाला क्लासला सोडायला सटकतात, पण "क्लायंटकडे जाऊन येतो" असं सांगून. माणूस हुशार आहे. संशोधक एरिन रीड यांनी एका अमेरिकी सल्लागार कंपनीत नेमकं हेच टिपलं आणि २०१५ साली छापलं. रीतसर सवलत मागणाऱ्यांचं, मग तो पुरुष का असेना, नुकसान झालं. गुपचूप काम कमी करणाऱ्या पुरुषांना मात्र राबणाऱ्यांइतकेच चांगले शेरे मिळाले.

क्लॉडिया गोल्डिन बाईंना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जास्त तास राबणाऱ्याला प्रमाणाबाहेर जास्त पैसे देणारी नोकरीच बाईला मागे पाडते, असं त्या म्हणतात. आपल्याकडे तर सरकारी आकडेच साथीला आहेत: २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम बिनपगारी करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तुम्ही वेगळं काही करायची गरजच नाही.

फक्त संशोधकांना ऑफिसात घेऊ नका. एका कंपनीनं "बायका नोकरी का सोडून जातात" हे शोधायला माणसं बोलावली. निघालं काय, तर पुरुषही तितकेच सोडून जात होते आणि दुखणं होतं अतिकामाचं. कंपनीनं ते ऐकून घ्यायलाच नकार दिला. याला म्हणतात नेतृत्व!

तुम्ही आपली ऑफिसातल्याच माणसांची समिती नेमा. बैठक शनिवारी रात्री आठला. आणि अध्यक्षपद कुलकर्णींना द्या, त्यांना वेळ असतो.