पोहे खाणाऱ्या काकांकडून उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणासाठीची चुकून माझ्याकडे आली. टीव्हीवर 26 जानेवारीची परेड बघायच्या चार आठवणी काय लिहिल्या, तुम्ही तर माझी झडतीच घेतलीत.

चुकलं ते आधी. मी 'ध्वजारोहण' लिहिलं होतं, ते बरोबर नाही, मान्य. झेंडा खालून वर चढवतात तो 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि राष्ट्रपतींच्या हस्ते नुसता फडकतो. दुरुस्त केलंय, थँक्यू. पण त्याला "एवढंही माहीत नसेल तर लिहिता कशाला" हे शेपूट हवंच होतं का?

आता तुमचं ते वाक्य. "सोफ्यावर लोळत पोहे खात परेड बघणाऱ्या काकांनी आम्हाला देशप्रेम शिकवू नये." देशप्रेम हा शब्द माझ्या अख्ख्या लेखात कुठंय, दाखवा. आणि सोफा? आमच्या दोन खोल्यांत सोफा नव्हताच हो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शेजारची धरून पंधरा माणसं चटईवर, आणि मी गच्चीत अँटेना धरून उभा, खालून ओरडा चालू, आलं आलं, अरे गेलं, थांब तसाच! निम्मी परेड मी बघितलीच नाही, जिन्यातून ऐकली. राष्ट्रगीत लागलं की आजोबा उठायचे, मग कोण बसतंय. आजी गॅस बंद करून दारात, बोटांना हळद तशीच. 52 सेकंद, मागून तोफांचे आवाज, आणि चटईवरच्या बशांत पोहे गार. मी अजूनही उठतो, घरात एकटा असलो तरी. तुम्ही उठता का ते मी विचारत नाही, आमच्यात तसं विचारत नाहीत.

2015 ला महाराष्ट्राचा चित्ररथ पंढरीच्या वारीचा होता, पहिला नंबर आला होता बघा. आई तेव्हा पलंगावरच असायची. चित्ररथ आला तशी ती कोपरावर उठली आणि टीव्हीला हात जोडले, तो स्क्रीनवरून जाईपर्यंत जोडलेलेच. गुडघ्यांपायी वारी तिची कायमची राहिली होती. "ज्याला खरी आस्था आहे तो प्रत्यक्ष जाऊन बघतो" म्हणता ना तुम्ही, मग तिला कर्तव्यपथावर (तेव्हा राजपथच होता, नाहीतर हीपण चूक काढाल) कोण उचलून नेणार होतं, तुम्ही?

खर्च, ट्रॅफिक, निवेदकांचं हिंदी वगैरे बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला मला वेळ नाही.

आणि काका म्हणू नका. प्रोफाइलवरच्या फोटोत तुमचेही केस माझ्याइतकेच पिकलेत.