तंबाखू कंपनीला फुकटात हातभार कसा लावावा

तुम्ही सिगारेट ओढत नाही, हे फारच छान. पण म्हणून तंबाखूच्या धंद्यात आपलं काय काम, असं समजू नका. खरी मदत तुमच्यासारखी सभ्य, निर्व्यसनी माणसंच करू शकतात. कंपन्यांच्या जाहिरातींवर बंधनं येतात. तुमच्या कपाळावरच्या आठीवर अजून कुठल्याच कायद्याने बंधन घातलेलं नाही.

सुरुवात सोपी आहे. एखाद्या जमातीला घर भाड्याने देऊ नका. नोकरी देताना रंग बघा, चालण्याबोलण्याची ढब बघा. मग दिवसभर हे सोसून आलेल्या माणसाच्या हातात संध्याकाळी सिगारेट दिसली की हळहळत म्हणा, "या लोकांना व्यसनंच फार." क्रम तेवढा चुकवू नका. आधी छळ, मग निदान.

इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी ओढणाऱ्यांचा एक घोळका असतो. जेवणाच्या टेबलावर ज्याच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी राहते, तो तिथे जातो. कुणीतरी न मागता लायटर पुढे करतं, वाऱ्याला तळव्याचा आडोसा धरतं आणि त्याला नावाने हाक मारतं. पाच मिनिटं तो माणसांत असतो. आत, टेबलाशी असं काही घडणार नाही, एवढीच काळजी तुम्ही घ्यायची. बाकीचं निकोटिन बघून घेतं. ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं, दोनेक तासांत रक्तातून निम्मं उतरतं आणि जाताना बेचैनी ठेवून जातं. पुढची सिगारेट ती बेचैनी घालवते, आणि माणसाला वाटतं ताण गेला. हा गैरसमज दूर करायला जाऊ नका. सगळा धंदा त्यावर उभा आहे.

आपल्या कष्टांची कंपन्या दखल घेतील का, अशी शंका मनात आणू नका. १९९० मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या अमेरिकन सिगारेट कंपनीने तिथल्या कृष्णवर्णीयांसाठी 'अपटाउन' नावाची खास मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या थंड स्वादाची, सिगारेट फिलाडेल्फिया शहरात आणायचं ठरवलं होतं. त्यांच्यातले बरेच जण पाकीट खालून फोडतात, म्हणून सिगारेटी उलट्या भरायच्या, इतका बारीक विचार झाला होता. ज्यांच्या वस्तीत धड शाळा द्यायला कुणाला सवड नव्हती, त्यांची पाकीट फोडायची सवय मात्र कुणीतरी वहीत टिपून ठेवली होती! लोकांनी आरडाओरडा केला आणि बेत बारगळला. पण जिद्द बघा. १९९५ च्या सुमारास याच कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतले समलिंगी पुरुष आणि रस्त्यावर राहणारे बेघर यांच्यासाठी एक विक्री योजना आखली. कागदोपत्री नाव ठेवलं 'स्कम', म्हणजे समाजातला गाळ. शिवीच ती. तुम्ही जे मनात म्हणता, ते त्यांनी फायलीवर लिहिलं, फरक एवढाच.

सरकारांकडूनही शिकण्यासारखं आहे. २००९ च्या अमेरिकन कायद्याने सिगारेटमधले स्ट्रॉबेरी-चॉकलेटसारखे स्वाद बंद केले आणि मेंथॉल तेवढं सोडलं. तिथले बहुसंख्य कृष्णवर्णीय धूम्रपान करणारे नेमकं तेच ओढतात. २०२२ मध्ये त्यावरही बंदी सुचवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. घाई कशाला?

मनोरुग्णांच्या बाबतीत थोडी दयाबुद्धी दाखवा. पूर्वी कित्येक मनोरुग्णालयांत अंघोळ केली, गोळी मुकाट गिळली की बक्षीस म्हणून सिगारेट मिळायची. आता तसं उघड करता येत नाही, पण "बिचाऱ्याला दुसरा आनंद आहे तरी कुठला" हे वाक्य जवळजवळ तेवढंच काम करतं. सिगारेट सोडल्यावर चिंता आणि नैराश्य बहुधा कमीच होतं, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिनसारखं औषध शरीरातून लवकर निघून जातं आणि डोस वाढवावा लागतो, हे तर अजिबातच नको.

मग एखादीला खरंच सोडायची इच्छा होते. होतेच, बाकीच्यांना होते तितकीच. तिला समुपदेशन केंद्रात पाठवा. वेळ तिच्या कामाच्या तासांतली असावी. अर्जावर नवऱ्याचं नाव विचारा आणि तिने जोडीदार म्हणून बाईचं नाव सांगितलं की पेन थांबवून वर बघा. तेवढं पुरतं, ती पुन्हा येत नाही. नंतर बैठकीत "यांच्यात इच्छाशक्तीच नाही" अशी नोंद करा. सिगारेटवरचा कर जरूर वाढवा, त्याने खप खरोखर घटतो. फक्त त्या पैशातला एक छदामही सिगारेट सोडताना त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्यांवर खर्च होणार नाही, हे पाहा.

एवढं करूनही तिने सोडलीच, तर अभिनंदन करू नका. "बघू किती दिवस टिकतंय ते" एवढंच म्हणा, आणि जेवताना शेजारची खुर्ची आपल्या बॅगेसाठी अडवून ठेवा.