परभणीच्या वाचकदादांना : ‘दूध येत नाही असं काही नसतं’ यावर

दादा, अंगावरचं दूध पुरतच नसेल तर लेकराला डब्यातल्या पावडरचं दूध द्यायला हरकत नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि झोप उडाली. तुम्ही लिहिलंय, "दूध येत नाही असं काही नसतं. माझ्या मायनं ऊस तोडत सहा लेकरं अंगावर पाजली. आताच्या बायकांना डबा सोपा वाटतो, तुम्ही त्यांना निमित्त पुरवताय." मत वेगळं असू द्या, पण ‘निमित्त’? माझा ब्लॉग ओल्या बाळंतिणी वाचतात. त्यांच्यासमोर बोलायची ही भाषा आहे का?

तुमच्या मायच्या कष्टाला माझे हात जोडलेले आहेत. पण तिला भरपूर पान्हा होता म्हणून सगळ्यांनाच असतो, हे कुठून काढलं? माझ्या आजीला नव्हता. माझे काका जावेच्या अंगावर वाढले. जाऊ बाळंत झालेली नसती तर ते लेकरू हाती लागलं नसतं. अशी गेलेली लेकरं तुमच्या हिशेबात कुठंच नाहीत.

आणि माझं सांगते. २०१४ साली लेक झाली, बाळंतपणात रक्त फार गेलं. सासूबाईंनी अळिवाची खीर केली, बाळंतशेपा दिला, शतावरी दिली, बाजरीची भाकर दुधात कुस्करून खाऊ घातली. दर दोन तासांनी लेकरू छातीला लावत होते. ते चोखायचं, थकायचं, रडायचं. सहाव्या दिवशीही लंगोटात लघवीचा नुसता विटकरी डाग. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "तुम्हीच नीट पाजत नाही." आठव्या दिवशी काट्यावर ठेवलं तर जन्माचं २ किलो ७०० ग्रॅमचं लेकरू २ किलो ३०० भरलं. त्या दिवशी वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजताना मी ढसाढसा रडले. मला ते सोपं वाटलं असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? थायरॉईड कमी असल्याचं पुढं तपासणीत निघालं. जास्त रक्तस्राव, थायरॉईड, पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन्सचा विकार), दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच पुरेशा न वाढणं, ही कारणं शरीरातली आहेत. आळसाची नाहीत.

एक मान्य करते. पावडरचं पाणी उकळूनच घ्यावं, माप डब्यावर दिल्याप्रमाणंच असावं, पुरवठ्याला म्हणून पातळ करू नये, हे मी लेखात लिहायला हवं होतं. आता जोडलंय. लेकरू नीट धरून वारंवार पाजलं की बहुतेकींचं दूध वाढतं, हेही खरंच. मी लिहिलं होतं ते उरलेल्या बायांबद्दल.

डब्याच्या कंपन्यांकडून मी पैसे घेते, हा तुमचा आरोप तर सोडूनच देते. लहान बाळांच्या डब्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे आणि मी एकाही डब्याचं नाव घेतलेलं नाही.

तुमच्या घरी सून बाळंत व्हायची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. पाचव्या दिवसानंतर रोज ६ तरी लंगोट ओले होतात का, ते बघा. होत नसतील तर तिला बोल लावत बसू नका, दोघांना घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.